घरामागची बारा बाय पंधरा फूट जागा, लातूरचं पाणी : मृगाला काय लावावं?

मांजराकाठ (लातूर), मे अखेर

नमस्कार मंडळी. घरामागं पूर्व-पश्चिम १५ फूट आणि दक्षिण-उत्तर १२ फूट मोकळी जागा आहे. माती काळी, भारी. दक्षिणेला ६ फुटी कंपाउंडची भिंत आहे. पश्चिमेला सगळं उघडं, त्यामुळं मावळतीचं ऊन थेट आत येतं. घरात खाणारी माणसं पाच.

पाण्याचं सांगते. बोअर आहे, पण मार्च लागला की थोडा वेळ चालून थांबतो. पाणी जड आहे, बादलीच्या आतून पांढरा थर धरतो. नळाचं पाणी आठवड्यानं येतं.

बियाणांची पाकिटं आणून ठेवलीत: भेंडी, गवार, दोडका, कारलं, वांगी, मिरची, टोमॅटो, फुलकोबी, मेथी, पालक, कोथिंबीर, गाजर, मुळा. मृग तोंडावर आलाय. यातलं काय आता लावू, काय ठेवून देऊ, आणि एवढ्या जागेत किती बसेल? सासूबाईंचा आग्रह आहे की येळवशीच्या (वेळा अमावास्येच्या) भज्जीत, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीत, थोडी तरी घरची भाजी पडावी.

काळीमाती (परभणी)

ताई, पाकिटं बाजूला ठेवा आणि आधी पाणी मोजा. आपल्याकडं परसबाग पावसाळ्यात सगळ्यांचीच जोरात असते. ती वाळते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि त्याचं कारण जूनमध्येच घडलेलं असतं: वाफे जास्त आखलेले असतात.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिवाळ्यात भाजीच्या वाफ्याला दिवसाला तीन-चार मिलिमीटर लागतं. एप्रिल-मेमध्ये सहा-आठ, आणि वारा सुटला की त्याहून जास्त. तुमच्या जागेत साडेतीन फूट रुंद आणि दहा फूट लांब असे तीन वाफे बसतील, मध्ये दीड-दीड फुटाच्या वाटा. तिन्ही मिळून साधारण १० चौरस मीटर झाले. म्हणजे हिवाळ्यात रोज ३५ लिटर, उन्हाळ्यात ७० च्या पुढं. उन्हाळ्यात ७० लिटर रोज निघणार नसतील तर तेव्हा एकच वाफा चालवायचा, तो २३-२४ लिटरमध्ये भागतो. बाकी दोन वाफे तापू द्यायचे. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडू देणं वाईट नाही, ढेकळं तापली की कोष आणि तणाचं बीही कमी होतं.

वाफा साडेतीन फुटांपेक्षा रुंद करू नका. दोन्ही वाटांवरून हात मधोमध पोचला पाहिजे, आत पाय पडला नाही पाहिजे. भारी माती एकदा ओली असताना तुडवली की हंगामभर दगड होऊन बसते. खुरपणीसुद्धा वापसा आल्यावरच, म्हणजे माती हाताला चिकटेनाशी झाल्यावरच करायची.

पश्चिमेला जी दीड फुटाची पट्टी उरते, तिथं मांडव घाला. दोडका आणि कारलं तिथं चढवा. पावसाळ्यात भाजी मिळेल, आणि पुढं त्याच मांडवावर उन्हाळ्यात जुनी साडी किंवा ५० टक्क्यांची शेडनेट टाकली की मावळतीचं ऊन अडेल.

मांजराकाठ (लातूर)

काका, हे असं पाण्यावरून मागं येऊन वाफे ठरवायचं डोक्यातच आलं नव्हतं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागरी-घागरींचा हिशोब ठेवणारी आम्ही माणसं, पण बागेला तो लावावा हे सुचलं नाही. तीन वाफे नक्की. आता त्यात काय?

पांढरी_माळ (हिंगोली)

माझं मत जरा वेगळं आहे. जागा लहान असली की बाजारात जे स्वस्त आणि चांगलं मिळतं ते लावायचंच नाही. फुलकोबीचा एक गड्डा वाफ्यात अडीच महिने दोन फूट जागा अडवून बसतो आणि हिवाळ्यात बाजारात तो मातीमोल असतो. बटाटा, कोबी, कांदा यांचं तसंच. त्याऐवजी जे बाजारात शिळं मिळतं, जुडीनंच घ्यावं लागतं किंवा मिळतच नाही ते लावा. कढीपत्त्याचं एक झाड, चार मिरच्या, कांदापात, लसणाची पात, कोथिंबीर, चुका, अंबाडी, करडई.

करडईची कोवळी भाजी तर लातूर-परभणीबाहेर कुणाला सांगितली तर पटत नाही. सप्टेंबरच्या शेवटी वाफ्यात दाट टाका आणि विरळणी करत करत खा. पानाला काटे यायच्या आत संपवायची. कच्ची पानं, कांदा, भाकरी, वरून तेल-तिखट. करडईचं मूळ खोल जातं, पाणी कमी पडलं तरी ती दम धरते.

काळीमाती (परभणी)

पांढरी_माळ यांच्याशी सहमत, फक्त टोमॅटो-वांगं काढू नका. वांग्याची चार झाडं पाच माणसांना पुष्कळ होतात, आणि नीट राखली तर सात-आठ महिने देतात.

आता पाकिटांबद्दल. मृग-आर्द्रात भेंडी, गवार, दोडका, कारलं टोकायचं. वांगी-मिरचीचं रोप कुंडीत किंवा ट्रेमध्ये टाका, चार-पाच आठवड्यांनी वाफ्यात आणा. अंबाडी कडेकडेनं. मेथी, पालक, कोथिंबीर, गाजर, मुळा ही पाकिटं थंड जागी हस्तापर्यंत ठेवून द्या. भर पावसात भारी मातीत मेथी टाकली तर ती उगवते, माती उडून पानांना चिकटते आणि मुळाशी सडते. पावसाळ्यात पालेभाजी हवीच असेल तर तांदुळजा आणि माठ लावा. ऑगस्टमध्ये टोमॅटोचं रोप टाका, सप्टेंबरात लावा. दिवसाचं तापमान ३५-३८ च्या वर गेलं आणि रात्रीही गारवा नसला की टोमॅटोची फुलं गळतात. म्हणून मार्चआधी त्याचा बहर उरकला पाहिजे.

पहिला वाफा: भेंडीच्या दोन ओळी, एकूण वीस झाडं, रोपात फूटभर अंतर. दुसरा वाफा: चार वांगी, चार मिरच्या, मधल्या मोकळ्या जागेत तांदुळजा. तिसरा वाफा: गवार आणि चवळी. गवारीला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही, म्हणून ती वाफ्याच्या उंच बाजूला. पावसाळ्यात वाफे जमिनीपासून अर्धा फूट उंच ठेवा, उन्हाळ्यात हेच उलटं करून वाफा वाटेपेक्षा खोल.

गाडगंमडकं (नांदेड)

बाई गं, शेणखत कुजलेलंच घ्या. उकिरड्यावरचं कच्चं शेण आणून टाकलं की त्यातनं हुमणी येती आणि रोपाच्या मुळ्या खाती. रोप उभ्या उभ्या मान टाकतं अन् उपटलं तर हातात नुसता बुडखा येतो. हातात घेतल्यावर भुसभुशीत लागलं, शेणाचा वास राहिला नाही, की समजावं कुजलं. तुमच्या तीन वाफ्यांना पंचवीस-तीस किलो बास झालं, मृगाच्या आधी मातीत मिसळून टाका.

अन् आता कडुलिंबाच्या झाडाखाली निंबोळ्या पडायच्या दिवसांत गोळा करून ठेवा. गर धुऊन, सावलीत वाळवून, पिशवीत बांधून. लागतील तवा कुटायच्या. एका लिटरला पन्नास ग्रॅम, रात्रभर भिजत, सकाळी फडक्यानं गाळून, चिमूटभर साबण घालून फवारायचं. मावा-तुडतुड्याला घरात हेच पुरतं, पण फवारणी संध्याकाळी करा, उन्हात त्याचा जोर मरतो.

गच्चीवरची (छत्रपती संभाजीनगर)

माझ्याकडं जमीन नाही, सगळं गच्चीवर ग्रोबॅगमध्ये. जड पाण्याबद्दल थोडं सांगते. कुंडीच्या काठावर जो पांढरा थर येतो तो क्षारांचा. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालायची बऱ्याच जणांना सवय आहे. ते पाणी बोअरपेक्षाही खारट असतं, कारण फिल्टर आपल्याला गोडं पाणी देऊन क्षार त्यातच सोडतो. ते फरशी धुवायला ठेवा.

जमिनीत पावसाळ्याचं पाणी क्षार खाली नेतं, म्हणून मांजराकाठ ताईंना निदान वर्षातून एकदा सुटका आहे. त्यातही पालक खारं पाणी बऱ्यापैकी सोसतो, घेवडा अजिबात नाही. बोअरच्या पाण्यावर घेवडा लावायचा विचार असेल तर सोडून द्या.

शक्य असेल तर छपराचं पाणी एखाद्या टाकीत धरा. ५०० चौरस फूट स्लॅबवर हंगामात ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर गळती-सांड वजा जाऊन पंचवीस हजार लिटरच्या आसपास पाणी होतं. सगळं साठवता येत नाही, पण हजार लिटरची टाकी पावसात कितीदा तरी भरते, आणि ऑगस्टमध्ये पाऊस दडी मारतो तेव्हा तेच कामाला येतं. रोपांना ते गोडं पाणी मिळालं की फरक दिसतो.

तेरणाकाठ (धाराशिव)

इथं एक गोष्ट मला मनापासून मांडायची आहे. १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागात स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था कामाला लागली. पुढं तिच्यासोबत बायकांनी घरच्या रानातला एक एकर आपल्या हाती घेतला आणि त्यात नगदी पिकाऐवजी खायचं पिकवलं: डाळी, धान्य, भाजीपाला. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. त्यात पहिला प्रश्न असायचा की घरात कोण काय खातं. बाजारात काय विकेल हा नंतरचा.

म्हणून ताई, वाफ्यात काय लावायचं हे तुम्ही आणि सासूबाई मिळून ठरवा. मुलं कारलं खात नसतील तर कारल्याचा एकच वेल ठेवा. आमच्याकडं सगळ्यात जास्त उठतं ते मिरची, कोथिंबीर, मेथी. तेवढं जरी दाराशी मिळालं तरी रोजच्या स्वयंपाकाला हात मोकळा होतो. बाकी शेवग्याचं एक झाड जमलं तर लावाच. शेंगाही मिळतात, पाल्याची भाजीही होते, आणि एकदा मूळ धरलं की पाणी मागत नाही. फक्त भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब लावा. छातीएवढं झालं की शेंडा खुडा, नाहीतर शेंगा शिडीवर चढून तोडाव्या लागतात.

मांजराकाठ (लातूर), जुलै अखेर

तीन वाफे काकांनी सांगितले तसेच केलेत. भेंडी गुडघ्याला आली. पण काही झाडांची वरची पानं पिवळी पडलीत. दुकानात विचारलं तर व्हायरस आहे म्हणाले आणि दोन बाटल्या हातात ठेवायला लागले. घेतल्या नाहीत. आधी इथं विचारते.

काळीमाती (परभणी)

बरं केलंत. पिवळं पान हातात घ्या आणि उजेडाकडं धरून शिरा बघा. पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. शिरा पिवळ्या आणि मधलं पान हिरवं असेल तर तो हळद्या, म्हणजे विषाणू. दोन्हींत पान लांबून सारखंच दिसतं.

आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही, त्यात वरून तुमचं जड पाणी. नव्या पानांवर आधी दिसतं. हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम आणि विरलेला चुना अडीच ग्रॅम एका लिटर पाण्यात कालवून, गाळून, संध्याकाळी फवारा. आठवड्यानं परत एकदा. नवी पानं हिरवी यायला लागतील, जुनी तशीच राहतील. फवारणीनंतर दोन-तीन दिवस तोडा घेऊ नका आणि भेंडी धुऊन वापरा.

हळद्या निघाला तर त्यावर कुठलीच बाटली चालत नाही. तो पांढरी माशी पसरवते. तेवढी झाडं उपटून लांब टाका आणि उरलेल्यांवर निंबोळी अर्क सुरू ठेवा. याच रोगासाठी आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं १९८५ साली ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचं वाण दिलं. त्याआधी पुसा सावनी लावली की पावसाळ्यात रान पिवळं व्हायचं. आताशा क्रांतीवरही हळद्या दिसतो, तरी घरच्या बागेला ते वाण मला आवडतं, कारण ते संकरित नाही. दोन शेंगा झाडावर वाळू दिल्या की पुढल्या वर्षीचं बी घरचं.

मांजराकाठ (लातूर)

शिरा हिरव्या आहेत! लोहच. फार आभार. आणखी एक, दोडक्याला फुलं भरपूर येतात पण बारका दोडका पिवळा होऊन गळतो. कारलं मात्र लागतंय.

गाडगंमडकं (नांदेड)

दोडक्याचं फूल दिवस मावळताना उमलतं. कारल्याचं सकाळी. सकाळी मधमाश्या असतात, संध्याकाळी तुमच्या कॉलनीत कुठल्या यायला? म्हणून दोडक्याला तुम्हीच हातानं लावा. ज्या फुलाच्या मागं बारका दोडका असतो ती मादी. नुसत्या दांड्यावर घोसानं येतं ते नर. दिवेलागणीला नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं करायच्या अन् मधली पिवळी भुकटी मादीच्या मध्यावर हलक्या हातानं टेकवायची. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतं. दुधीचंही असंच, त्याचं पांढरं फूल संध्याकाळीच उमलतं. घोसाळ्याचं मात्र पहाटे, त्याला असं काही करावं लागत नाही.

लागलेला पहिला चांगला दोडका तोडू नका, बियाला ठेवा. वेलावरच खडखडीत वाळला पाहिजे. मग बी काढून, राखेत घोळून, गाडग्यात.

काळीमाती (परभणी)

मावशींच्या सांगण्याला एवढीच जोड: पाकिटावर संकरित असं लिहिलं असेल तर त्याचं बी राखून उपयोग नाही, पुढच्या पिढीत सगळं सरमिसळ निघतं.

मांजराकाठ (लातूर), सप्टेंबर अखेर

हातानं लावल्यावर दोडके लागले, आता शेजारी देते आहे. भेंडी संपत आली, तो वाफा मोकळा होईल. गवार-चवळीचा झालाच. आता हस्ताची तयारी. काय कुठं लावू?

काळीमाती (परभणी)

आता भिंत मध्ये येते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकतो. आपल्या अक्षांशावर ६ फुटी भिंतीची सावली तेव्हा दुपारी बारालाही साधारण साडेपाच फूट पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून जास्त. तुमचे वाफे दक्षिण-उत्तर आहेत, म्हणजे प्रत्येक वाफ्याचा भिंतीकडचा जवळजवळ अर्धा भाग ऐन हिवाळ्यात सावलीत जाणार. तिथं पालक, कोथिंबीर, चुका. उत्तरेच्या उन्हातल्या टोकाला टोमॅटोची सहा झाडं, कांदापात, लसूण, करडई. वांग्या-मिरचीला हात लावू नका. वांग्याचा शेंडा मान टाकलेला दिसला की आतली अळी बाहेर पडायच्या आधी खालून कापून जाळा. टोमॅटोच्या कडेला झेंडूची दोन-चार झाडं लावा, अळीच्या पतंगाची मादी अंडी घालायला तिकडं वळते.

टोमॅटोभोवती सोयाबीनचं भुसकट किंवा कडब्याचे तुकडे तीन-चार बोटं जाड पसरा. पाणी दिवसाआड दिलं तरी चालेल.

गाजराचं पाकीट तुमच्या भारी मातीत वाया जाईल, फाटे फुटलेली गाजरं येतात. वाफ्यात वाळू आणि शेणखत घालून फूटभर भुसभुशीत पट्टी केली तरच टाका. मुळा चालेल.

तेरणाकाठ (धाराशिव)

मेथी एकदम सगळी टाकू नका. वाफ्याच्या हातभर पट्ट्या पाडा आणि दर पंधरा दिवसांनी एक पट्टी पेरा. मेथी महिन्याच्या आत काढणीला येते, म्हणजे डिसेंबर-जानेवारीपर्यंत दर पंधरवड्याला एक भाजी. एकदम टाकली की चार दिवस मेथीच मेथी आणि मग काही नाही.

येळवस मार्गशीर्षातली अमावास्या. तिच्या साधारण महिनाभर आधी एक पट्टी मेथीची आणि एक शेपूची टाकायची. कांदापात तर असेलच. तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे रानातनं येतील, बेसन-ताक घरचं. सासूबाईंचं मन राखलं जाईल.

मांजराकाठ (लातूर)

त्यांना वाचून दाखवलं, वालाचे दोन वेल विसरू नका म्हणाल्या. पूर्वेच्या कुंपणावर लावते. शेवटचं विचारते: कोथिंबीर टाकून बरेच दिवस झाले, काहीच उगवत नाही. बी खराब असेल का?

गाडगंमडकं (नांदेड)

अख्खे धणे टाकलेत का? धणा म्हणजे दोन बिया जोडलेल्या असतात. पायताणाखाली किंवा लाटण्यानं हलकं रगडून दोन फोडी करा, पीठ होऊ देऊ नका. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यात बांधून ठेवा, मग पेरा. बोटाच्या पेराएवढं खोल, वरून माती हलकी दाबून. त्यावर गोणपाट टाकून रोज त्याच्यावरनंच पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसले की लगेच गोणपाट काढा, संध्याकाळी काढा, सकाळी नको.